ऑनलाइन ओसीडी थेरपीचे पाच महिने: कळत होतं, पण वळत नव्हतं

परवा पाच महिने पूर्ण झाले, म्हणून आज नीट बसून लिहितेय. सुरू करायच्या आधी मी असलं काही वाचायला शोधत होते तेव्हा सगळीकडे 'खूप छान अनुभव' नाहीतर 'वेळ वाया गेला' एवढंच सापडायचं आणि ओसीडी (म्हणजे नको असलेले विचार सारखे येणं आणि ते शमवायला तीच कृती परत-परत करावी लागणं) असलेल्या माणसाला त्यातून काडीचंही कळत नाही. तर सर्व्हिस अशी आहे की आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर थेरपिस्ट, मधल्या दिवसांत करायचा गृहपाठ, त्यांचं एक अ‍ॅप, आणि अ‍ॅपमध्येच चोवीस तास चॅटवर सपोर्ट. नाव टाकत नाहीये, कारण तक्रारी पण आहेत आणि अशा सर्व्हिस आता बऱ्याच निघाल्यात, सगळ्यांचा साचा थोड्याफार फरकाने हाच असतो, मला बोलायचंय ते त्या साच्याबद्दल.

माझं आधी सांगते म्हणजे पुढचं समजेल. दाराचं कुलूप, गॅसचं बटण, ऑफिसमधून पाठवलेली मेल, या तीन गोष्टी कॉलेज संपल्यापासून माझ्या मागे आहेत. आणि मुलगी झाल्यावर चौथी गोष्ट आली, ती सगळ्यात वाईट, हातात कात्री किंवा सुरी असली आणि मुलगी जवळ असली की डोक्यात एक चित्र चमकून जायचं, की मी तिला इजा करतेय. हे मी सहा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. दिवसातला तासभर किंवा जास्त वेळ यात जात असेल तर तो आजार धरतात, माझे तीन-चार तास जायचे. जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणायची, आणि तो शब्द कानावर पडला की मला लहान झाल्यासारखं वाटायचं, जणू आपण जरा अर्धवटच आहोत.

पण ओसीडी असलेली माणसं अर्धवट नसतात हो. हे मला पहिल्यांदा सांगायचंय कारण घरचे इथेच चुकतात. ते समजावत बसतात, 'अगं लावलंयस की कुलूप, मी बघितलं ना.' मलाही माहितीये लावलंय! आपण करतोय ते बिनबुडाचं आहे हे आमच्यापैकी बहुतेकांना माहीत असतं आणि हेच तर जास्त छळतं. समजावणं कमी पडलंय असं कधी झालंच नाही, कळतं पण वळत नाही हीच खरी अडचण आहे.

या सर्व्हिसच्या आधी मी एका समुपदेशकाकडे जात होते, प्रत्यक्ष. तिथे मला सांगितलं की वाईट विचार आला की मनात जोरात 'थांब' म्हणायचं, आणि रोज सकाळी आरशासमोर 'माझा स्वतःवर पूर्ण विश्वास आहे' असं दहा वेळा म्हणायचं. थांब म्हटलेला विचार दुप्पट जोराने यायचा. आणि आरशासमोरचं ते वाक्य दहाऐवजी अकरा वेळा झालं का नऊ, नीट मनापासून म्हटलं का, म्हणून परत पहिल्यापासून, असं करत तोच एक नवीन विधी होऊन बसला आणि मी ऑफिसला उशिरा पोचायला लागले. त्या बाई माणूस म्हणून प्रेमळ होत्या, राग नाही, पण ओसीडीचं वेगळं शिक्षण नसलेल्याकडे जाऊ नका हे मी ठामपणे सांगेन. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की तेच डोक्यात येतं हे १९८७ मध्येच प्रयोगाने दाखवून झालंय, म्हणजे ही काही नवी माहिती नाही, ज्याने ओसीडीवर काम केलंय त्याला ती असायलाच हवी.

आता इथल्या थेरपिस्टबद्दल. पहिल्या सेशनला तिने येल-ब्राउन नावाची प्रश्नावली घेतली, १९८९ पासून जगभर वापरतात ती, दहा प्रश्न, शून्य ते चाळीस गुण. माझे २७ आले, म्हणजे तीव्र गटात. मग तिने अकरावा प्रश्न विचारला, जो या गुणांत धरत नाहीत, की तुम्हाला जी भीती वाटते ती खरी आहे असं तुम्हाला किती वाटतं, करताय ते अवाजवी आहे हे किती पटतं. मी लगेच म्हटलं, पूर्ण पटतं, शंभर टक्के. तर ती म्हणाली, "आत्ता इथे खुर्चीत बसून, का रात्री अकरा वाजता कुलपासमोर उभं राहून?"

मी गप्पच बसले. कारण रात्री अकरा वाजता ते शंभर पार घसरून कुठे जातात हे मला माहीत होतं पण मी स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं. तिने मग वही करायला लावली, दोन रकाने, शांत असताना किती पटतं आणि घाबरलेली असताना किती पटतं. पहिल्या आठवड्याची माझी पानं अजून आहेत, कुलपाच्या बाबतीत शांत ९५, घाबरलेली ४०. मेलच्या बाबतीत ९० आणि ६०. आणि मुलीच्या बाबतीत शांत असताना ७० आणि घाबरलेली असताना मी आकडाच लिहिला नव्हता. आपल्याला आजाराची जाण आहे की नाही, असं हो-नाहीत उत्तर नसतं हे मला तेव्हा कळलं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी पुस्तकात पण ओसीडीचं निदान लिहिताना जाण चांगली आहे, कमी आहे का अजिबातच नाही असं वेगळं नोंदवतात. पण माझ्या वहीत तर एकाच बाईची जाण एकाच दिवसात वर-खाली होत होती, आणि ती कधी खाली जाते हे कळणं हीच मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली खरी उपयोगाची स्व-जाणीव. आता घसरायला लागली की ओळखता येते. आपण आत्ता चाळीसवाल्या डोक्याने निर्णय घेतोय, एवढं स्वतःला सांगता येतं.

मी तिला म्हटलं होतं, मला आत्मविश्वास वाढवून हवाय, बाकी मी बघते. ती म्हणाली आत्मविश्वासावर आपण थेट काम करणारच नाही. मला तेव्हा हे अजिबात आवडलं नव्हतं, अगदी सोडून द्यावं असं वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तिने जे करायला लावलं ते मी जन्मभर विसरणार नाही. रात्रीचं कुलूप. चार रात्री नेहमीसारखं, म्हणजे हवं तितक्या वेळा बघायचं, आणि चार रात्री एकदाच लावून तडक आत यायचं, कितीही तडफड झाली तरी. आणि रोज सकाळी उठल्यावर लिहायचं की काल रात्री कुलूप लावल्याचं काय-काय आठवतंय. बस एवढंच.

नेहमीच्या रात्री मी सतरा-अठरा वेळा बघितलं. कडी ओढायची, किल्ली फिरवून बघायची, फोनच्या टॉर्चमध्ये बघायचं, बोटाने चाचपायचं, परत कडी. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसले तर काय आठवतंय? काहीच नाही. धुकं. कुलूप नावाची एक वस्तू आणि मी, एवढंच, आणि ते कालचं होतं का परवाचं तेही सांगता येईना. पाचव्या रात्री एकदाच लावलं. हात थरथरत होता, किल्लीचा दात थंड लागला ते आठवतंय, आत काहीतरी सरकून टक् असा जाड आवाज झाला तो आठवतोय, शेजारच्या दाराखालून उजेडाची रेघ येत होती आणि माझ्या डाव्या चपलेचा पट्टा निघाला होता. नंतर दीड तास मी अंथरुणावर घामाने भिजलेली होते, उठून जायचं नाही म्हणून उशी धरून ठेवली होती दोन्ही हातांनी. पण सकाळी वहीत पानभर लिहून झालं.

दोन्ही पानं कॉलवर मी तिला वाचून दाखवली आणि वाचता-वाचताच मला रडू आलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की माझी स्मरणशक्ती खराब आहे म्हणून मला परत बघावं लागतं. उलटं होतं ते! परत बघत होते म्हणून आठवण पुसट होत होती आणि पुसट झाली म्हणून परत बघत होते. मग तिने सांगितलं की हे प्रयोगात दिसलेलं आहे, २००३ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट या दोघांनी निरोगी लोकांना कॉम्प्युटरवरचा खोटा गॅस वीस वेळा तपासायला लावला, शेवटी त्यांना काय तपासलं ते बरोबर आठवत होतं, आठवणीत चूक वाढली नव्हती, पण ती आठवण अंधुक झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा घसरला होता. निरोगी लोकांचा, वीस वेळांत! मी बारा वर्षं रोज हेच करत होते, माझा भरवसा काय शिल्लक राहणार होता.

ओसीडीत आत्मविश्वास कमी असतो असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं लाजाळूपणा किंवा चारचौघात बोलता न येणं. मी ऑफिसात पन्नास लोकांसमोर प्रेझेंटेशन देते, घाबरत नाही. माझा विश्वास नव्हता तो माझ्या डोळ्यांवर, माझ्या बोटांवर, पाच मिनिटांपूर्वीच्या स्वतःवर. हा वेगळा आत्मविश्वास आहे आणि तो आरशासमोर बोलून येत नाही, तपासणं थांबवलं की हळूहळू आपोआप परत येतो, म्हणून ती थेट काम करणार नाही म्हणाली होती.

अजून एक छोटी गोष्ट. एकदा सेशन चालू असताना तिने सहज विचारलं, थकलात का? आणि मी घड्याळाकडे बघितलं. किती वाजलेत त्यावरून ठरवायला, की मी थकले असणार का नाही. तिने तिथेच थांबवलं मला, म्हणाली, "घड्याळाला काय माहीत?" मग लक्षात आलं की मी सगळंच असं करते, हात स्वच्छ वाटतायत का हे हाताला न विचारता किती मिनिटं धुतले त्यावरून ठरवायचं, मला हा माणूस आवडतो का हे मी त्याला किती मेसेज केले ते मोजून ठरवायचं. लग्नाआधी मी खरंच मोजले होते. इस्रायलमधल्या लाझारोव्ह, दार आणि लिबरमन या संशोधकांचं यावर बरंच काम आहे असं ती म्हणाली, त्यांनी लोकांना हाताचा स्नायू ठरावीक ताकदीने आवळायला सांगितलं, ओसीडी असलेल्यांना नुसत्या आतल्या जाणिवेवरून ते कमी अचूक जमलं, आणि किती आवळला हे दाखवणारा पडदा मिळण्याची शक्यता असली की ते तो जास्त मागायचे. म्हणजे आत काय चाललंय याचा आवाजच बारीक येतो म्हणून माणूस बाहेरचे आकडे, नियम, दुसऱ्याचा शब्द यांचा आधार शोधतो. तेव्हापासून दिवसातून तीनदा, घड्याळ न बघता, कुणाला न विचारता, आत्ता मला थंडी वाजतेय का, थकवा आहे का, राग आलाय का, एवढंच लिहायचं हा गृहपाठ होता. सगळ्यात साधा वाटणारा आणि मला सगळ्यात अवघड गेलेला. पहिले दहा दिवस 'माहीत नाही' हेच लिहिलंय सगळीकडे.

आता मूळ उपचार, ईआरपी. भीतीला सामोरं जायचं आणि ती घालवायला आपण जे करतो ते करायचं नाही. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर याची सुरुवात केली आणि आजही ओसीडीसाठी बोलून करायच्या उपचारांत हाच सगळ्यात तपासलेला आहे. माझ्या यादीत चोवीस पायऱ्या होत्या, चिंतेचा आकडा शून्य ते शंभर टाकून लावलेल्या. ३० ला होतं, मेल एकदाच वाचून पाठवणे. ४५ ला, मेलमध्ये मुद्दाम एक शुद्धलेखनाची चूक ठेवून पाठवणे. ती मेल पाठवल्यावर तीन दिवस मी उत्तराची वाट बघत होते, कुणीही काहीही म्हणालं नाही, साधं लक्षातही आलं नाही कुणाच्या. प्रत्येक वेळी आधी लिहायचं की काय होईल असं वाटतंय आणि नंतर लिहायचं की काय झालं. ती दोन वाक्यं शेजारी-शेजारी बघणं हे माझ्यासाठी चिंता कमी होण्यापेक्षाही मोठं होतं, कारण कितीतरी वेळा चिंता तितकी कमी झाली नाही पण जे होईल वाटलं ते झालं नाही हे मात्र कागदावर होतं.

९५ ला होती कात्री. हे मी तिला अकराव्या आठवड्यात सांगितलं, तोवर लपवून ठेवलं होतं. सांगताना कॅमेरा बंद केला होता मी. मला वाटलं होतं आता ही पोलिसांना कळवेल, मुलीला माझ्यापासून लांब न्यायला सांगेल. तिने अगदी शांतपणे विचारलं, हे चित्र आल्यावर तुम्ही काय करता? मी म्हटलं कात्री कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते आणि तिला नवऱ्याकडे देऊन दुसऱ्या खोलीत जाते. मग तिने समजावलं की नको असलेले, किळस येईल असे विचार जवळपास सगळ्यांना येतात. १९७८ मध्ये राखमन आणि डी सिल्वा यांनी हे दाखवलं होतं आणि २०१४ साली तेरा देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा त्यातल्या जवळजवळ ९४ टक्क्यांना मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार येऊन गेला होता. विचाराच्या विषयात फारसा फरक नसतो, मोठा फरक पडतो तो त्या विचाराला आपण काय समजतो त्यात. विचार आला म्हणजे तसं करण्यासारखंच झालं, विचार आला म्हणजे मी तशी आहे, हे समीकरण ओसीडीवाल्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं.

त्यानंतर दोन सेशन तयारी करून मी मुलीच्या शेजारी जमिनीवर बसून रंगीत कागद कापले. थेरपिस्ट कॉलवर होती. कात्री हातात, मुलीची मांडी माझ्या गुडघ्याला टेकलेली, आणि ती सारखी म्हणत होती आई गोल काप, आई गोल काप. माझा गोल काही नीट येईना, हात इतका घामेजला होता की कागदाला ओले डाग पडत होते. चित्र येत होतं. येऊ दिलं. विसाव्या मिनिटाला मी एक वाकडातिकडा गोल कापला आणि तिने तो घेऊन स्वतःच्या कपाळावर लावला. त्या दिवशी वहीत दुसऱ्या रकान्यात मी पहिल्यांदा आकडा लिहिला, ५५.

हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने करायला जाऊ नका, माझ्याकडे तेरा आठवड्यांची पायरी-पायरी होती आणि समोर जाणकार माणूस होतं. गोळ्याही चालू होत्या माझ्या, मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या, त्यांचं काम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि ओसीडीत डोस बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी मध्येच सोडल्या नाहीत. किती गोळ्यांमुळे आणि किती थेरपीमुळे हे मी सांगू शकत नाही.

घरच्यांसाठीचे दोन सेशन होते ते मात्र फार मोलाचे. नवऱ्याला रात्री मी विचारायचे, लावलं ना रे कुलूप? आणि तो बिचारा प्रत्येक वेळी हो म्हणायचा, प्रेमानेच म्हणायचा. ते हो म्हणजे माझ्यासाठी कुलूप बघायला जाण्यासारखंच होतं, फक्त त्याचे डोळे वापरून. थेरपिस्टने त्याला एक वाक्य दिलं, "याचं उत्तर मी देणार नाही, पण मी इथेच आहे." पहिल्यांदा तो असं म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, दोन दिवस बोलले नाही. तो म्हणाला, मला हो म्हणणं सोपं होतं गं, हेच अवघड आहे. आता मी विचारतच नाही फारसं.

आता तक्रारी, आणि त्या बारीक नाहीत.

अ‍ॅप. ज्यांनी कुणी बनवलंय त्यांनी ओसीडी असलेल्या एकाही माणसाला विचारलेलं दिसत नाही. सलग किती दिवस एकही तपासणी केली नाही याचा मोठा आकडा उघडल्या-उघडल्या समोर येतो, त्याला पदकं मिळतात. माझा ४१ पर्यंत गेला होता, एक दिवस गॅस दोनदा बघितला आणि तो शून्य झाला. मी काय केलं? अ‍ॅप काढून टाकलं, नवीन ईमेलने नवीन खातं उघडलं, कारण जुन्या खात्यावर तो डाग होता आणि मला सगळं कोरं, स्वच्छ हवं होतं. तीन वेळा असं केलं मी. आधीच्या सगळ्या नोंदी गेल्या. ज्या आजारात सगळं परिपूर्ण हवं असण्याचाच त्रास आहे त्याच्या औषधात असा आकडा कोण घालतं? शिवाय आठवड्याला भरायची छोटी प्रश्नावली कितीही वेळा भरता येते. मी एका दिवसात सहा वेळा भरली होती, आपण बरे होतोय का याची खात्री करायला. थेरपिस्टला सांगितल्यावर तिने आमच्याकडून ते बंदच केलं, वही चालू ठेवली.

आणि चॅट सपोर्ट. तिथली मुलं-मुली मनाने चांगली आहेत, पण रात्री दोनला मी लिहिलं की मी वाईट आई आहे का, तर उत्तर आलं, 'नाही, तुम्ही खूप चांगल्या आई आहात, तुम्ही असं कधीच करणार नाही.' मी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि पुढचे सव्वीस दिवस झोपायच्या आधी वाचत होते, एखादा शब्द डोळ्यांखालून निसटला तर परत सुरुवातीपासून. थेरपिस्ट आठवडाभर जे बांधायची ते तो चॅट पाच मिनिटांत पाडायचा. तो स्क्रीनशॉट डिलीट करणं ही माझ्या यादीतली नंतर वाढवलेली पंचविसावी पायरी होती, ७० ची. मी कंपनीला यावर लांबलचक लिहून पाठवलं, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय महत्त्वाचा आहे. नंतर काही बदललं नाही.

मध्ये एकदा न विचारता थेरपिस्ट बदलली, तीन आठवड्यांसाठी. ती दुसरी बाई ईआरपी शिकलेली होती पण माझं सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, कात्रीसकट. ज्या माणसाला ते एकदा सांगायला सहा वर्षं लागली त्याच्यावर ही वेळ आणू नये.

शेवटच्या मोजणीत २७ चे १४ झाले, म्हणजे तीव्रमधून सौम्य. पूर्ण गेलं नाहीये, परवा एक मेल चार वेळा वाचली. पण कळतं पण वळत नाही हे जे मी वर म्हटलं, त्याबद्दल एक सांगायचं राहिलं. २०१७ चा एक प्रयोग तिने मला सांगितला होता, वाघी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, पडद्यावर गोलाच्या कडेला कण येऊन पडतात आणि आपण टोपली सरकवून ते झेलायचे, आणि दर वेळी सांगायचं की किती खात्री आहे. ओसीडी असलेल्या लोकांची खात्री निरोगी लोकांसारखीच बरोबर वाढत होती, त्यांना आतून कळत होतं कण कुठे पडणार ते, पण एखादा जरा चुकला की हात टोपली हलवायचाच. खात्री होती, हात तिचं ऐकत नव्हता. मी हे किती जणांना सांगितलंय त्याला गणती नाही, आईला तर दोनदा, कारण ती मला लहानपणापासून म्हणायची की तुला एवढं कळतं तर मग करतेस कशाला.

रेटिंग द्यायचं तर थेरपिस्टला पाचपैकी पाच, घरच्यांच्या सेशनला पाच, अ‍ॅपला एक, चॅटला शून्य देता येत नाही म्हणून एक. एकूण चार देतेय, कारण अ‍ॅप आणि चॅट न वापरताही हे होऊ शकतं.

कुणी अशी सर्व्हिस घेणार असेल तर पहिल्या फुकटच्या कॉलवर एवढं विचारून घ्या. ईआरपी करता का, का नुसतं बोलता आणि श्वास घ्यायला शिकवता. आत्तापर्यंत ओसीडीचे किती लोक बघितलेत. घरच्यांना सामील करता का. थेरपिस्ट बदलला तर आधी सांगाल का. आणि मी रात्री दोनला चॅटवर विचारलं की मी वाईट माणूस आहे का, तर तुमची माणसं काय उत्तर देतात. 'आम्ही धीर देतो' असं म्हणाले तर थेरपिस्टशी बोलून चॅट पहिल्याच दिवशी बंद करून घ्या, सेटिंगमध्ये सगळ्यात खाली आहे ते बटण, मला सापडायला चार महिने लागले.